भाईंच्या रक्तातली फॅट

आमच्या घराची सकाळ ह्यांच्या आवाजाने होते. श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव, काष्टीपासून हाकेच्या अंतरावर. घराच्या ओट्यावरच दूध संकलन केंद्र आहे. कोणी मोटरसायकलला कॅन लटकवून येतं, कोणी डोक्यावर चरवी घेऊन येतं, आणि सगळे ओट्यासमोर रांगेत उभे राहतात. आमचे हे एकेकाच्या दुधाचा नमुना मशीनला लावतात आणि फॅट पुकारतात. मशीनच्या पडद्यावर आकडा दिसतो, पावतीही निघते, तरी तोंडाने सांगितल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. "सहा पॉइंट आठ" असं हे म्हणाले की मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जातं. लग्न होऊन आले तेव्हा मी दचकून उठायची. पुढे पुढे त्या आवाजावर चहा टाकायची सवय लागली.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, गणपती उठल्यानंतर, तो आवाज बंद झाला.

मी स्वतः तो ताप आधीच काढला होता, तोही माहेरी. वडिलांना बघायला म्हणून गेले आणि तिथेच आडवी झाले. चव गेली, वास गेला, आठवडाभर अंग ठणकलं आणि उठले. गावी परत आले तेव्हा हे ओट्यावरून म्हणाले होते, "आली का जाऊन यमाच्या दारात?" मला राग आला होता. महिना-सव्वा महिना झाला असेल नसेल, ह्यांनाच खोकला लागला. दोन दिवस "धुळीचा आहे" म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच कॅनची फॅट पुकारताना आकडा अर्ध्यात तुटला आणि हे ओट्याच्या कडेला बसले. माझ्या दिराने गाडी काढली आणि ह्यांना नगरला नेलं.

दवाखान्यात आत कोणाला सोडत नव्हते. सगळं फोनवर. ह्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे मी बोलायचं आणि ह्यांनी हुंकार द्यायचा. "जेवलात का?" तर "हं." "काय दिलं?" तर "भात." त्यानंतर धाप. ज्या माणसाचा आवाज देवळापर्यंत जायचा, त्याचा 'भात' हा शब्द मला फोन कानात खुपसून ऐकावा लागत होता. मी केंद्र बंद ठेवलं नाही, दीर आणि मी मिळून दूध घेत होतो, पण फॅट मात्र कोणी पुकारत नव्हतं. लोक पावती बघून मुकाट्याने जात.

एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. ते म्हणाले, ऑक्सिजन वाढवूनही प्रकृती पाहिजे तशी सुधारत नाही. प्लाझ्मा देऊन बघू. म्हणजे काय, ते त्यांनी मला समजेल असं सांगितलं: जो माणूस कोरोनातून बरा झाला, त्याच्या रक्तात त्या रोगाशी झुंजायची ताकद तयार झालेली असते. त्याच्या रक्तातलं नुसतं पाणी, लाल भाग सोडून, काढून घ्यायचं आणि आजारी माणसाला द्यायचं. "खात्री देत नाही," ते म्हणाले, "पण करून बघण्यासारखं आहे, आणि करायचं तर लवकर करायला हवं." रक्तगट जुळणारा, बरा होऊन महिना झालेला माणूस आम्हीच शोधायचा होता.

मला तर हसूच आलं. शोधायचा कशाला? ह्यांचा आणि माझा रक्तगट एकच आहे. लग्नाच्या आधी पत्रिका जुळली नव्हती, निदान रक्त तरी जुळलं होतं. आणि मी बरी होऊन महिना उलटला होता. मी रक्तपेढीला फोन लावला आणि सांगितलं, उद्या सकाळी येते.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मुलं किती?"

म्हटलं, "दोन. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला नोकरीला. त्यांचं काय?"

तर म्हणाल्या, मूल झालेल्या बाईचा प्लाझ्मा आम्ही घेत नाही. बाळंतपणात बाईच्या रक्तात कधीकधी असं काही तयार होतं की ते घेणाऱ्याच्या फुप्फुसाला बाधू शकतं. बाई चांगल्या होत्या, दोनदा समजावून सांगितलं. मला समजलंही. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. ज्या माणसाची पोरं नऊ नऊ महिने पोटात वागवली, त्याच्याच कामाला माझं रक्त चालेना. मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन गाईला उगाचच ओरडले.

मग मी घरोघर फिरून तापाच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या आशाताईंना गाठलं. गावात कोणाला कधी ताप आला, कोण तालुक्याच्या कोविड सेंटरला किती राहून आलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. एकाला साखरेचा आजार, तो बाद. एकाचा गट वेगळा. एकाच्या आईने दारातूनच हात जोडले. मग आशाताई म्हणाल्या, "वैनी, एक हायेत. गट तुमच्या मालकांचाच, बरं हून महिना झालाय, तब्येत पैलवानासारखी. पर तुमाला जायचं अवघड हाय."

"कोण?"

"भाई."



भाईंचा मळा ओढ्याच्या कडेला. मुसलमान कुटुंब, पिढ्यान् पिढ्या गावातलंच, शेती आणि म्हशी. घोडेगावच्या बाजारातून म्हैस आणावी ती भाईंनीच, असं गावात म्हणतात. म्हशीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की ती किती दूध देईल ते ते सांगत. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी एक नवी म्हैस आणली होती, काळीभोर, शिंगं अशी वळलेली की बघत राहावं. तिला हार घालून गावातून आणली. आणि तिचं दूध पहिल्यांदा आमच्या ओट्यावर आलं, तेव्हा मशीनने फॅट दाखवली पाच पॉइंट एक. म्हशीच्या दुधाला ही फॅट म्हणजे काहीच नाही. आमच्या ह्यांनी ती नेहमीप्रमाणे पुकारली. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हस घोडेगावची, पानी आपल्याच हिरीचं." सगळे हसले.

भाई म्हणाले, "मशीन पुन्हा लावा."

हे म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही." आणि सहाच्या खालचं म्हशीचं दूध घ्यायचं नाही, नियम तो नियम, म्हणून दूध परत भाईंच्या कॅनमध्ये ओतलं.

भाईंनी कॅन उचलली आणि गेले. भांडण नाही, शिवी नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दूध ओढ्यापलीकडच्या केंद्रावर जायला लागलं, आणि आमच्या दारावरून जाताना ते मान वळवायचेही नाहीत. मी ह्यांना म्हटलं होतं, जनावर बाजारातून नवं आलं की बिथरतं, दूध चोरतं, फॅट उतरते. एवढी वर्षं दूध घेता, तुम्हाला कळत नाही? ह्यांना कळत होतं. पण पुकारलेला आकडा मागे घेणं ह्यांच्या रक्तात नाही.

अशा माणसाच्या दारात त्याचं रक्त मागायला जायचं होतं. मी पदर खोचला आणि गेले. जाताना वाटेत मनात चार वेळा भाषण जुळवलं. मळ्यात पोचले तेव्हा भाई कडबा तोडत होते. भाभींनी लिंबाखाली खुर्ची टाकली, लांबच. मी बसले नाही. जुळवलेलं भाषण एका बाजूला राहिलं आणि मी एवढंच म्हणाले, "भाई, आमचे हे नगरला ऑक्सिजनवर हायेत. तुमचं रक्त लागतंय."

भाईंनी विळा खाली ठेवला. "माझंच?"

"गावात दुसरं जुळत न्हाई."

भाईंनी गोठ्याकडे बघितलं. तिथे ती घोडेगावची म्हैस रवंथ करत उभी होती. मला वाटलं, आता नाही म्हणणार. नाही म्हणाले असते तरी मी त्यांना काय बोलणार होते?

"देतो," भाई म्हणाले. "पर एक अट हाय वैनी. मालक बरं हून आलं की माझ्या म्हशीच्या दुधाची फॅट त्यांनीच काढायची. चारचौघांत. आन् जशी त्या दिशी पुकारली तशीच पुकारायची, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी."

"कबूल," मी म्हणाले.

"मालकाला न इचारता?"

"त्यांना इचारायला ते बोलाय तर लागू द्या."

भाई पहिल्यांदा हसले. "उद्या निघू," म्हणाले. भाभी म्हणाल्या, "आवो, उद्या कशाला, आजच जावा की." पण मी तिथूनच फोन लावला तर रक्तपेढीने दुसऱ्या दिवशीचीच वेळ दिली.

आता माझा पराक्रम ऐका. रक्तपेढीच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, उपाशी यायचं नाही, हलकं काहीतरी खाऊन या. 'खाऊन या' हे मी नीट ऐकलं. 'हलकं' हे शहरातल्या लोकांचं बोलणं, ते चहाबरोबर खारी खातात आणि त्याला नाश्ता म्हणतात, असं धरून मी ते सोडून दिलं. आमच्याकडे माणूस साध्या कोर्टाच्या तारखेला निघाला तरी त्याला घासभर खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. आणि हा तर माझ्या नवऱ्याला जीवदान द्यायला निघालेला माणूस. त्याच्या अंगातलं रक्त काढणार, त्याला अशक्तपणा येणार. मी पहाटे उठून पुरण घातलं.

भाई त्यांचा पिकअप घेऊन दारात आले. म्हशी आणायचा तोच पिकअप, मागे कडब्याचा भुसा. मी त्यांना ओट्यावर पाट मांडला, अंतर ठेवून ताट वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, आणि वाटीभर साजूक तूप. आमच्या घरात तूप वाढायची रीत अशी की जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरेपर्यंत धार थांबवायची नाही. मी धार धरली. भाईंनी हात आडवा धरलाच नाही. पोळी बुडाली, पुरण दिसेनासं झालं, तरी भाई ताटाकडे बघत मिशीत हसत बसले.

"भाई, हात धरा की."

"का म्हून? माझ्या दुधाला फॅट नव्हती ना? बघू द्या तुमच्या तुपाला किती हाय."

मीही काही कमी नाही. मी वाटी पालथी केली. वर सायीचं दूध दिलं गडवाभर. भाईंनी सगळं संपवलं, ढेकर दिली, आणि आम्ही दौंड-नगर रस्त्याला लागलो. मी काच उघडी ठेवून बाजूला बसले. खूप दिवसांनी मला वाटलं की आता सगळं हातात आलं आहे.

रक्तपेढीत एक तरुण मुलगी होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, नुसते डोळे दिसत होते. तिने भाईंचं वजन घेतलं, दंड बघितला आणि खूश झाली. "अशी शीर रोज बघायला मिळत नाही," म्हणाली. तपासायला नळीभर रक्त घेतलं आणि ती नळी एका गोल यंत्रात घालून गरगर फिरवली. ते यंत्र बघून मला बरं वाटलं. मशीन यायच्या आधी दुधाची फॅट काढायला आम्हीही नळ्या अशाच फिरवायचो.

थोड्या वेळाने ती नळी घेऊन बाहेर आली. उजेडात धरली. खाली लाल रक्त बसलं होतं आणि वर, जिथे पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथे पांढरंशुभ्र दूध.

ती मुलगी माझ्याकडे वळली. "काकू, ह्यांना काय खायला घातलंत?"

मी सांगितलं. तूप म्हणताना माझा आवाज उतरला.

ती म्हणाली, रोगाशी झुंजणारी ताकद ह्यांच्या रक्तात भरपूर आहे, अगदी पाहिजे तशी. पण हा प्लाझ्मा घेता येणार नाही. ह्यात नुसती चरबी आहे. जेवणातली. "फॅट खूप जास्त आहे," ती म्हणाली. "हा परत करावा लागेल. उद्या या, आणि तोवर तूप-तेल अजिबात नाही."

 डॉक्टरांचं 'लवकर' माझ्या कानात वाजत होतं. दोन गल्ल्या पलीकडे हे मास्क लावून पडले होते, आणि त्यांचा एक अख्खा दिवस मी तुपात बुडवला होता. मला रडू फुटलं. आयुष्यभर फॅटची किंमत करत आले, फॅट जास्त म्हणून काही परत जाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

भाई नळी निरखून बघत होते. मग ते शांतपणे म्हणाले, "वैनी, तुमच्या मालकानं फॅट कमी म्हून माझं दूध परत केलं. आन् हितं फॅट जास्त म्हून रक्त परत. मी आता जावं तरी कुटं?"

ती झग्यातली मुलगी हसली. भाई हसले. माझं रडणं तसंच चालू होतं आणि त्यातच मलाही हसू आलं. मास्कच्या आत-बाहेर नाक, डोळे सगळं एक झालं. इतक्या दिवसांत मी हसले नव्हते.

मी म्हटलं, "चला, गावाकडं जाऊन उद्या पहाटं निघू."

"न्हाई," भाई म्हणाले. "गावाकडं गेलो तर तुमी पुन्हा जेवायला घालशाल. मी हितनं हलत न्हाई."

नगरात त्यांची बहीण राहत होती. आम्ही तिच्या दारात गेलो. मला वाटलं होतं, असल्या दिवसांत परक्या बाईला घरात कोण घेईल. तिने मला मागच्या खोलीत अंथरूण दिलं आणि चूल दाखवली. पण भाई आला म्हणून तिला काय करू नि काय नको झालं होतं. तिने मटणाला माणूस धाडायची तयारी केली. मी आडवी आले. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून जे रांधलं ते कोणाच्या घरी रांधलं गेलं नसेल. फोडणीशिवाय डाळ, मोकळा भात, ज्वारीची कोरडी भाकरी. बहीण पळीभर तेल घेऊन दोनदा पातेल्याजवळ आली आणि दोनदा मी तिचा हात धरला. "आवो, भाऊ हाय माझा," ती म्हणाली. म्हटलं, "म्हणूनच." भाईंनी अंगणात बसून ती डाळ खाल्ली. दुसऱ्या घासाला म्हणाले, "कोरोनात चव गेल्ती तवा असंच लागत हुतं." पण ताट धुतल्यासारखं साफ केलं, आणि सरळ पिकअपमध्ये जाऊन झोपले. घरात झोपलो तर दोघींपैकी कोणीतरी दूध आणून देईल, ही त्यांना भीती होती.

त्या संध्याकाळी मी ह्यांना फोन केला. म्हटलं, भाईंनी रक्त द्यायचं कबूल केलंय. पलीकडे नुसती धाप ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने एक शब्द आला.

"कोणते?"

"ओढ्याकडचे."

 मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, धाप मोजत. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही.

सकाळी पुन्हा नळी, पुन्हा ते गरगरणारं यंत्र. ती मुलगी बाहेर आली आणि काही न बोलता नळी माझ्यासमोर धरली. ताक हलवलं नाही की वर येते तशी स्वच्छ, पिवळसर निवळी. पलीकडचा तिचा हात आरपार दिसत होता. मी देवाला हात जोडावे तसे त्या नळीला जोडले. भाईंनी बाहीची गुंडी सोडली आणि आत गेले.

काचेतून मला दिसत होतं. भाईंच्या दंडातून रक्त एका मोठ्या मशीनमध्ये जात होतं. मशीन त्यातला प्लाझ्मा वेगळा करून एका पिशवीत सोडत होतं आणि उरलेलं लाल रक्त पुन्हा भाईंनाच परत देत होतं. दुधातून साय वेगळी काढायचा सेपरेटर असतो, तसाच प्रकार. भाईंनी हे त्या मुलीकडून नीट समजून घेतलं आणि काचेआडून मला ओरडून सांगितलं, "वैनी, ही डेरी बरी हाय. निम्मंच परत देत्यात."

पिशवी भरत गेली. मी आयुष्यात किती दूध पाहिलं असेल याला गणती नाही, पण एखादी पिशवी भरताना मी अशी कधी बघत बसले नव्हते. त्यांनी ती बर्फाच्या डब्यात घालून माझ्या हातात दिली. पिकअपमध्ये मी तो डबा मांडीवर धरला. भाई एरवी म्हशी घेऊन येतात तेव्हा खड्डा बघत नाहीत. त्या दिवशी ते नगरच्या रस्त्यावरून असे चालले होते की मागून लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते. दवाखान्याच्या दारात एका ब्रदरने डबा घेतला. तो आत वळला आणि दार बंद झालं. मी आणि भाई बाहेरच्या लिंबाखाली उभे राहिलो. भाई म्हणाले, "आता काम त्याचं हाय," आणि वर बोट केलं. मी म्हटलं, "भूक लागली का?" तर म्हणाले, "आता वाढा तूप."

पहिल्या दिवशी काही फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन थोडा कमी करून बघतोय. त्यानंतर एका सकाळी ह्यांचा स्वतःहून फोन आला. मी 'हॅलो' म्हणायच्या आधी पलीकडून आलं, "फॅट... कशी... येतेय?" तीन शब्द, मध्ये धाप, पण तीन शब्द. मी म्हटलं, बरी येतेय. दोन दिवसांनी म्हणाले, "मशीन रोज धुता का, का नुसतं पुसता?" हे पूर्ण वाक्य होतं, आणि त्यात मला टोमणा होता. मी फोन ठेवून दिराला सांगितलं, भावोजी, पेढे आणा, तुमचे भाऊ वाचले.

पुढे काही महिन्यांनी टीव्हीवर बातमी आली की प्लाझ्माचा म्हणावा तसा उपयोग नाही, आणि तो उपचारातून काढून टाकला.  डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, खात्री नाही. ह्यांना ऑक्सिजनने वाचवलं, औषधांनी, उलटं-पालटं करून झोपवणाऱ्या सिस्टरांनी, की त्या पिशवीने, हे मी सांगू शकत नाही आणि शिकलेल्या लोकांशी मला वाद घालायचा नाही. भाईंना मात्र मीच जाऊन सांगितलं. ते म्हशीला पाणी पाजत होते. म्हणाले, "उपेग न्हाई म्हनत्यात? मंग माझं मला परत द्या म्हनावं." आणि पुन्हा बादली भरायला गेले.

पण ते नंतरचं. आधी हे घरी आले. गाडीतून उतरले तेव्हा शर्ट खांद्यावरून लोंबत होता, ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला दोनदा थांबले. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. मी अट सांगितली. म्हटलं, तुम्हाला न विचारता कबूल केली आहे. वाटलं, आता चिडणार. हे भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी पुन्हा लावायला हवं होतं मशीन." पुकारलेल्या आकड्याबद्दल हे असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आराम संपायच्या आधीच एका सकाळी हे ओट्यावर जाऊन बसले. गावात वार्ता पोचायला वेळ लागत नाही. रांग नेहमीपेक्षा मोठी होती. ज्यांच्या घरी दूध नाही असेही तोंडाला फडकी बांधून आले होते. ओढ्याकडून भाई आले, हातात तीच कॅन. रांग आपोआप बाजूला झाली. भाई कॅन ठेवून हाताची घडी घालून उभे राहिले. ह्यांनी नमुना घेतला. दोन थेंब सांडले. मशीनला लावला. मी उंबऱ्यात उभी होते, आणि खरं सांगते, मला आकड्याची काळजी नव्हती. मला ह्यांच्या छातीची काळजी होती.

पडद्यावर आकडा आला. ह्यांनी तो वाचला. मग ओट्याच्या खांबाला धरून उठून उभे राहिले, श्वास घेतला, आणि म्हणाले, "भाईंची म्हैस. सात पॉइंट चार."

एका दमात. मध्ये खोकला नाही, धाप नाही. देवळाच्या पारावर बसलेले म्हातारे वळून बघायला लागले. रांगेत कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मी पदर तोंडात धरला.

हे खाली बसले आणि भाईंना म्हणाले, "भाई, माझं चुकलं. आजपासून तुमचं दूध न मोजता घेणार."

भाईंनी मान हलवली. "न्हाई मालक. रोज मोजायचं. आन् रोज आसंच मोठ्यानं सांगायचं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वैनींना आत चुलीपाशी ऐकू गेलं पायजे."